स्वीडिशमधलं 'फो': एका क्रियापदाशी जुळवून कसं घ्यायचं

"दू फोर गो नू."

नोव्हेंबरचा महिना. घड्याळात चार, आणि बाहेर मिट्ट काळोख. गोथेनबर्गमधल्या एका बालवाडीत मी बदली शिक्षिका म्हणून लागले होते, जेमतेम तिसरा आठवडा. मोठ्या बाई दारातून डोकावल्या, एवढं एकच वाक्य बोलल्या आणि गेल्या. दू म्हणजे तू, गो म्हणजे जाणं, नू म्हणजे आता. मधल्या 'फोर'चे अर्थ माझ्या वहीत लिहिलेले होते: मिळणे, परवानगी असणे, लागणे. मी शेवटचा धरला. "तुला आता जावं लागेल." म्हणजे नारळ. कोट चढवला, ट्राममध्ये खिडकीकडे तोंड करून रडले, आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेलेच नाही. साडेसातला फोन वाजला, "अगं, कुठे आहेस? बरं नाही का?" त्या संध्याकाळी दोनतीनच मुलं उरली होती, म्हणून बाई म्हणाल्या होत्या, "जा आता घरी, चालेल."

माझा वेडेपणा खरा, पण पुरता नाही. इथल्या वर्तमानपत्रात फुटबॉलच्या पानावर "त्रेनारेन फोर गो" असा मथळा आला की समजायचं, प्रशिक्षकाला नारळ दिला. शब्द तेच. लवकर सुटायची मुभा, निघायची सक्ती आणि हकालपट्टी, तिन्ही एका 'फोर गो'त.

आता दर शनिवारी माझ्या स्वयंपाकघरात चारपाच जणी स्वीडिश शिकायला बसतात. नोकरीनिमित्त इथे आलेल्या, कुणी पुण्याची, कुणी नाशिकची, मी सांगलीची. सरकारी मोफत वर्गाला सगळ्याच जातात, पण 'फो' तिथे पाच अर्थांची यादी होऊन येतं आणि यादी पाठ करूनही बोलताना हाताशी येत नाही. म्हणून मी ते कसं शिकवते ते इथे लिहिते आहे.

आधी तोंड

मूळ रूप 'फो'. ते लिहितात 'आ'च्या अक्षरावर छोटं वर्तुळ काढून, पण उच्चार लांब 'ओ'. वर्तमानकाळ 'फोर', भूतकाळ 'फिक्क', आणि 'मिळालं आहे' म्हणताना 'हार फोत्त'. मी, तू, ती, आम्ही, कुणीही असो, रूप बदलत नाही. मराठीत मिळाला, मिळाली, मिळालं, मिळाले असं लिंगवचन सांभाळत आयुष्य गेलेल्यांना ही चैनच आहे. 'फिक्क'मधला क मात्र दाबून म्हणायचा, पक्का, चिक्कार यांच्यातल्यासारखा. 'फिक' म्हटलंत तर शब्द अर्धवट तुटल्यासारखा ऐकू येतो.

एका बाबतीत आपण इतर पुष्कळ परदेशी विद्यार्थ्यांच्या पुढे असतो. स्वीडिशमध्ये र च्या पाठोपाठ द आला की दोन्ही मिळून ड होतात. र अधिक त म्हणजे ट, र अधिक न म्हणजे ण, र अधिक स म्हणजे ष, आणि र अधिक ल जवळजवळ ळ. त्यामुळे 'फोर दू' असं लिहिलेलं बोलताना 'फोडू' होतं. 'फोर नी' होतं 'फोणी'. 'दू फोर ता बुस्सेन', म्हणजे तुला बसने जावं लागेल, हे 'दू फोटा बुस्सेन' होतं. आणि 'वी फोर से', म्हणजे 'बघू या', हे दिवसातून वीस वेळा 'वी फोषे' असं कानावर पडतं. माझ्या वर्गाबरोबरची एक पोलिश मुलगी या ड आणि ट साठी महिनाभर आरशासमोर जीभ वळवत होती. आपल्याला बाराखडीनेच ती वळवून दिलेली आहे. फक्त दक्षिणेकडे, स्कोनेत, र घशातून काढतात. तिथे ही सगळी गंमत नाही.

'मला' विसरा

आता खरी अडचण. मराठीत मला पत्र मिळतं, मला ताप येतो, मला जावं लागतं, मला मूल होतं. सगळीकडे 'मला'. स्वीडिशमध्ये 'फो'बरोबर 'मी' येतो, म्हणजे 'या'.

या फिक्क एत ब्रेव: मला पत्र मिळालं.
हान फिक्क फेबेर: त्याला ताप आला.
हून स्का फो बार्न: तिला बाळ होणार आहे.
या फिक्क दिस्का: मला भांडी घासावी लागली.

नव्या मुली हमखास 'मेय फिक्क' म्हणतात, कारण मनात 'मला' असतं. माझा नियम असा: मराठीतल्या 'मला'ला मिळणं, येणं, होणं, लागणं जोडलेलं दिसलं की 'मला' पुसा, 'मी' लिहा आणि पुढे 'फो' टाकून बघा. दरवेळी जमेल असं नाही. 'मला भूक लागली' इथे चालत नाही, पण पुष्कळ ठिकाणी चालतं.

आणि अर्थाचं काय? यादी फाडून टाका. त्याऐवजी एकच मराठी शब्दप्रयोग धरा: वाट्याला येणं. पत्र वाट्याला आलं. ताप वाट्याला आला. भांडी वाट्याला आली. लवकर घरी जाणं वाट्याला आलं. वाट्याला येणारी गोष्ट गोड की कडू हे आपल्या या शब्दप्रयोगात ठरलेलं नसतं, तसंच 'फो'त नसतं. गोष्ट बाहेरून येते, आपण मागो न मागो, आणि आपल्या हातात पडते, एवढंच ते क्रियापद सांगतं. हे एकदा डोक्यात बसलं की 'मुभा की सक्ती' हा प्रश्न व्याकरणाचा उरत नाही. आइस्क्रीम आहे की भांडी, यावर तो सुटतो. 'बार्नेन फिक्क एता ग्लास' म्हणजे मुलांना आइस्क्रीम खायला मिळालं. 'बार्नेन फिक्क दिस्का' म्हणजे मुलांना भांडी घासावी लागली. मराठीने इथे 'मिळालं' आणि 'लागली' असे दोन दरवाजे केले, स्वीडिशने एकच ठेवला.

दोन्हीकडे झुकू शकेल अशी गोष्ट असेल, जसं घरी जाणं, तर शेपूट ऐका. मागे 'ओम दू विल' आलं, म्हणजे 'हवं तर', तर ती मुभा. मध्ये 'व्हेल' आलं तर ती नाइलाजाची सक्ती. "दो फोर या व्हेल योरा दे" हे वाक्य ऑफिसात, घरात, सगळीकडे ऐकू येतं आणि त्याचं भाषांतर उसासा टाकल्याशिवाय होत नाही: "मग काय, मलाच करावं लागणार!" माझ्या मोठ्या बाईंनी त्या दिवशी 'ओम दू विल' जोडलं असतं तर माझे ट्रामभाड्याचे पैसे आणि एक दिवसाचा पगार वाचला असता.

सक्तीसाठी 'मोस्ते' असा वेगळा शब्दही आहे, पण तो टणक आहे. काउंटरमागचा माणूस 'दू मोस्ते व्हेन्ता' म्हणणार नाही, 'दू फोर व्हेन्ता' म्हणेल. थांबावं लागेल बरं का, माझ्याही हातात नाही.

नकाराशी मात्र जपून. 'दू फोर इंते व्हेन्ता' म्हणजे 'थांबावं लागणार नाही' असं मुळीच नाही. त्याचा अर्थ 'इथे थांबायला मनाई आहे'. नकार आला की सक्तीचा अर्थ गळून पडतो आणि फक्त बंदी उरते. 'थांबायची गरज नाही' यासाठी 'बेह्योव्हेर इंते' आहे. त्याहून गोड 'स्लिप्पेर' आहे: 'दू स्लिप्पेर व्हेन्ता', थांबण्यातून सुटलीस. हा शब्द मला फार आवडतो.

रोज वापरायच्या जागा

पहिली जागा, कॅफे. आमच्या शहरात हागा नावाची जुन्या लाकडी घरांची वस्ती आहे. नावाला हसून घ्या एकदाचं, पाहुणे आले की आम्हीही हसतो. तिथे दालचिनीचे बन जेवणाच्या ताटाएवढे मिळतात. आत जाऊन म्हणायचं, "कान या फो एन काफ्फे?" इंग्रजी वळणाने 'या विल हा', मला हवी आहे, असं म्हटलं तर चूक नाही, पण ते जरा आडदांड वाटतं. 'कान या फो' म्हणजे हुबेहूब आपलं 'एक कॉफी मिळेल का?' आपण सांगलीच्या हॉटेलातही 'दोन चहा मिळतील का' असंच विचारतो, जणू नाही म्हणायची मुभा मालकाला ठेवून. तोच सूर. जुन्या धाटणीच्या दुकानात समोरची बाई विचारते, "व्हा फोडे लोव अत व्हारा?" शब्दाला शब्द लावत बसू नका. 'काय देऊ?' एवढंच आहे ते.

दुसरी जागा, लोणच्याची बरणी. झाकण घट्ट बसलंय. "या फोर इंते उप लॉकेत", झाकण निघत नाहीये. इथे 'मनाई' लावून वाक्य वाचू नका. 'फो'ला 'उप' जोडलं की प्रयत्नाने काहीतरी घडवून आणणं असा अर्थ येतो. 'फो ताग ई' म्हणजे हाती लागणं, सापडणं: घरमालक फोनवर सापडत नाही, प्लंबर हाती लागत नाही. 'या फिक्क इंगेन्तिंग यूट ई दाग', आज एकही काम उरकलं नाही. आणि आपल्या प्रयोजक क्रियापदांचं काम हेच करतं: 'हून फिक्क मेय अत स्क्रात्ता', तिने मला हसवलं. मराठीत हसणे-हसवणे, रडणे-रडवणे अशी सोय प्रत्ययाने होते. स्वीडिशला त्यासाठी 'फो' बोलवावं लागतं.

तिसरी गोष्ट गंमतीची, पण ती मी मुद्दाम शिकवते, कारण ती म्हणता आली की उच्चार पक्का झाला. 'फोर' म्हणजे मेंढीसुद्धा. म्हणून स्वीडिश पोरं म्हणतात: "फोर फोर फोर? नेय, फोर फोर इंते फोर, फोर फोर लाम." मेंढीला मेंढ्या होतात का? नाही, मेंढीला मेंढ्या होत नाहीत, मेंढीला कोकरं होतात. त्यात भर म्हणजे 'फो' हे 'थोडे' या अर्थाचं विशेषणही आहे. 'फो फोर फोर', फार थोड्यांना मेंढ्या मिळतात. ही तिन्ही वेगळी कुळं आहेत, वाटेत झिजून एकसारखी झालेली.

हे 'फिक्क' आलं कुठून

एका शनिवारी नाशिकच्या मुलीने विचारलं, "ताई, फो-फोरपर्यंत ठीक, पण मध्येच हा क कुठून टपकला?" मला तेव्हा सांगता आलं नाही. मग वाचनालयातून पुस्तकं आणली आणि त्या नादात हिवाळा गेला.

जर्मानिक भाषांच्या, म्हणजे जर्मन, इंग्रजी, स्वीडिश ज्या कुळातल्या त्या भाषांच्या, फार जुन्या अवस्थेत हे क्रियापद 'फान्हन' असं काहीसं होतं आणि त्याचा अर्थ होता पकडणं, धरणं. जर्मनमधलं 'फांगेन', पकडणे, हे त्याचंच भावंड. स्वीडिशमध्येही 'फोंगा' म्हणजे पकडणे आणि 'फोंगे' म्हणजे कैदी. उत्तरेकडे 'फान्हन'मधला न आधी नाकात विरला, मग ह गेला, आणि उरलं नुसतं 'फा'. जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे उत्तरेकडच्या या भाषांच्या पूर्वज भाषेत, ते असंच आहे. त्या लांब 'आ'चा पुढे स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियनमध्ये 'ओ' झाला. आपल्याकडे 'मुख'चं प्राकृतात 'मुह' झालं, तशीच ही झीज.

भूतकाळात मात्र ह ऐवजी ग होता. एकाच धातूत कुठे ह, कुठे ग असं का, याचा उलगडा कार्ल वेर्नर या डॅनिश माणसाने १८७०च्या दशकात केला: संस्कृत आणि जर्मानिक या दोन्हींच्या समाईक मूळ भाषेत शब्दातला आघात कुठे होता त्यावर ते ठरलं. आणि त्याला पुरावा कुठला मिळाला? संस्कृतातला. वेदांनी उदात्त-अनुदात्त सांभाळले म्हणून हे कोडं सुटलं. तर हा ग शब्दाच्या शेवटी आल्यावर कठोर होऊन क झाला, 'फेंग'चं 'फेंक' झालं, आणि मग न त्या क मध्ये मिसळून 'फेक्क'. सप्तचं सत्त होतं, भक्तचं भत्त होतं, तसं. पुढे त्याचंच 'फिक्क'. अनेकवचनात शेवटी स्वर असल्यामुळे ग वाचला: 'वी फिंगो', आम्हाला मिळालं. लिखित स्वीडिशमध्ये हे रूप विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून होतं. जुनं पुस्तक उघडलंत तर भेटेल, घाबरू नका.

याचा शिकणाऱ्याला फायदा असा की 'जाणे'चं रूपही याच वाटेने आलं. गो, गोर, गिक्क, गोत्त. फो, फोर, फिक्क, फोत्त. एक पाठ केलं की दुसरं फुकट.

आता थोडं मागे. संस्कृतातला प इथे फ होतो आणि श चा ह होतो. पंच आणि 'फेम', पाद आणि 'फूत', शत आणि 'हुंद्रा', शृंग आणि 'हूर्न'. ध्वनींची अशी देवघेव नियमाने चालते हे १८१८ साली छापलेल्या निबंधात दाखवणाऱ्यांमध्ये रास्मुस रास्क हा डॅनिश अभ्यासक अग्रणी होता. हाच रास्क १८२० साली इराणमार्गे मुंबईत पोचला आणि त्याने पारशी धर्मग्रंथांची हस्तलिखितं जमवली. नियम 'फान्हन'ला लावा: फ चा प, ह चा श. बहुतेक अभ्यासक त्याचं नातं आपल्या 'पाश'शी जोडतात. गणपतीच्या हातात अंकुशाबरोबर असतो तोच पाश. म्हणजे आधी फासात पकडणं, मग हातात येणं, मग मिळणं, मग मुभा मिळणं, आणि शेवटी नाइलाज वाट्याला येणं. पकडणारा कर्ता हळूहळू स्वतःच पकडला गेला आहे. आपल्या 'लाभणे'चं मूळ 'लभ्'ही धरणं, घेणं याच अर्थाचं होतं. आणि मेंढीवाल्या 'फोर'चं नातं लागतं ते 'पशु'शी.

एक इशारा. एस्तेर्योतलांदमध्ये र्योक इथे नवव्या शतकातली एक भली मोठी रुनी शिळा आहे, म्हणजे रून या जुन्या उत्तरी लिपीत कोरलेली, साडेसातशेच्या आसपास अक्षरांची. तिथे वारिन नावाच्या बापाने मेलेल्या मुलासाठी ही अक्षरं 'फादि' असं लिहिलंय. आमचं टोळकं तिथे गेलं तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात 'हेच आपलं फो' म्हणून सांगून मोकळी झाले. ते चूक होतं. ते रंगवणे, अक्षरं रेखणे या अर्थाचं निराळं क्रियापद आहे, संस्कृत 'पिश्'च्या गोत्रातलं.

शेजाऱ्यांकडे गेलात तर

नॉर्वेत फार बदलायला नको: फो, फोर, फिक्क, फोत्त. तिथल्या नीनोर्स्क या दुसऱ्या लेखी भाषेत भूतकाळ 'फेक्क' असा जुना राहिलाय. आइसलँडमध्ये सगळंच जुनं: 'फाय', 'फ्येक्क', 'फेइंगिद'. तिथला तो ग अजून जिवंत आहे. डेन्मार्कमध्ये लिहिलेलं ओळखीचं दिसतं, पण बोलताना 'फोर'मधला र विरघळून जातो.

कोपनहेगनला मात्र एक खाच आहे. गाडीत मी 'फोर या सित्ता हेर?' विचारलं, इथे बसू का. समोरच्या बाईंना कळलं, त्यांनी हसून पिशवी उचलली, पण त्यांच्या भाषेत इथे 'मो' येतं. आणि 'मो'चीही तीच दुधारी तऱ्हा: 'याय मो गो' म्हणजे मी जाऊ शकते किंवा मला जायलाच हवं. नॉर्वेत 'मो' म्हणजे बहुतेक वेळा सक्तीच. स्वीडनमध्ये 'मो' म्हणजे तब्येत, 'हुर मोडू?', कशी आहेस. तेव्हा स्वीडन आणि डेन्मार्क जोडणारा ओरेसुंडचा पूल ओलांडताना 'मो' बदलतं हे ध्यानात ठेवा.

शेवटचं वाक्य दारातलं. कुणाकडे जेवायला गेलात तर निघताना म्हणा, "ताक फर अत वी फिक्क कॉम्मा." आम्हाला यायला मिळालं, आभारी आहोत. माझ्या मुली शनिवारी निघताना चपला घालत 'येतो हं ताई' म्हणतात. मी दाराला हात लावून उभी राहते आणि हे वाक्य वदवून घेते, दाबलेल्या क सकट. मग जिना उतरता उतरता पुण्याची ओरडते, "ताई, पुढच्या शनिवारी फोर वी कॉम्मा, की वी फोर कॉम्मा?" यायला मिळेल का, की यावंच लागेल.

वी फोषे, म्हणते मी.